चॉकलेटच्या करंज्या पहिल्यांदाच करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आली की चॉकलेटच्या करंजीबद्दल ओळखीपाळखीतून फोन येतात. विचारणं बहुतेक एकच असतं: करंजी कढईत फुटली, तेल काळं झालं, आता काय करू? म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. चॉकलेट हातात कोरडं असतं, तेलात पातळ होतं. खोबऱ्याचं सारण कढईत गेलं तरी खोबरंच राहतं. चॉकलेटचं तसं नाही. खालची बरीचशी उत्तरं याच एका फरकातून निघाली आहेत.

मी साधी करंजीसुद्धा कधी केलेली नाही. थेट चॉकलेटची जमेल का?

जमेल. पारी, म्हणजे बाहेरचं आवरण, दोन्हींची एकच. फक्त पहिला घाणा चार-पाच साध्या खोबऱ्याच्या करंज्यांचा काढा. पारी किती पातळ लाटायची, कड किती दाबायची, तेल किती तापू द्यायचं हे त्या चार करंज्या शिकवतात, आणि त्यातली एखादी उघडली तरी तेल चॉकलेटने होतं तितकं खराब होत नाही. मग चॉकलेटकडे वळा.

साधारण 20 करंज्यांना काय काय लागतं?

पारीसाठी मैदा 150 ग्रॅम, बारीक रवा 75 ग्रॅम, मोहनासाठी साजूक तूप 3 टेबलस्पून, चिमूटभर मीठ आणि साधारण 100 मिली दूध. दूध सगळं एकदम ओतू नका. रवा कसा आहे त्यावर थोडं कमी-जास्त लागतं.

सारणासाठी डार्क चॉकलेट 100 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 50 ग्रॅम, मिल्क पावडर 40 ग्रॅम, काजू-बदामाची भरड 40 ग्रॅम, पिठीसाखर 20 ग्रॅम, कोको पावडर 1 टेबलस्पून, एक चमचा तूप. वेलचीपेक्षा मला इथे जायफळ आवडतं. चॉकलेटच्या कडवटपणाशी त्याचं छान जमतं, पण अगदी थोडंच किसा.

तळायला अर्धा ते पाऊण लिटर तेल. कढईत करंजी तरंगायला हवी, तळाला टेकता कामा नये.

रवा का घालायचा? नुसत्या मैद्याची नाही का होत?

होते, पण दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. रव्याने पारीला खुसखुशीतपणा येतो आणि तो टिकतो. चॉकलेटच्या करंजीत आतून तुपाचा अंश पारीला लागतच असतो, त्यामुळे रवा इथे जास्तच गरजेचा. जाड रवा मात्र नको; तो नीट भिजत नाही, लाटताना पारीला बारीक भोकं पडतात आणि त्याच भोकांतून चॉकलेट बाहेर येतं. घरात जाडच असेल तर मिक्सरमधून फिरवून घ्या.

निम्मी कणीक घातली तरी करंजी चांगली होते, रंग थोडा गडद येतो.

मोहन बरोबर पडलं हे कसं ओळखायचं?

तूप कडकडीत तापवून पिठावर घाला, आधी चमच्याने हलवा, मग हाताने सगळ्या पिठाला चोळा. मूठभर पीठ घट्ट दाबलं की त्याचा मुटका वळायला हवा आणि बोटाने टोचल्यावर तो सहज फुटायला हवा. मुटका वळलाच नाही तर मोहन कमी आहे, करंजी खुसखुशीत होणार नाही. पीठ ओल्या वाळूसारखं तुपकट लागलं तर मोहन जास्त झालं. अशी करंजी तेलात हसते, म्हणजे तिचं तोंड उघडतं. खोबऱ्याची करंजी हसली तर थोडं सारण सांडतं. चॉकलेटची हसली की तो घाणा गेला. म्हणून या करंजीला मी मोहन नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमीच घालते.

पीठ किती घट्ट आणि किती वेळ भिजवायचं?

पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट. किमान अर्धा तास झाकून ठेवा, तास मिळाला तर उत्तम. भिजल्यावर रवा फुगतो आणि पीठ आणखी घट्ट वाटू लागतं. इथे बरेच जण घाबरून पाणी घालतात. घालू नका. दुधाचा हात लावून पाच-सात मिनिटं मळा. आमची आजी पीठ खलबत्त्यात कुटायची. त्याने रवा एकजीव होतो आणि लाटताना कड फाटत नाही. आता मी तेच काम मिक्सरमध्ये करते. पिठाचे लहान तुकडे घालून थांबत थांबत दोन-तीनदा फिरवते, मग हाताने गोळा करते.

लाटताना उरलेल्या लाट्यांवर ओला, घट्ट पिळलेला फडका हवाच. पंख्याखाली पाच मिनिटं उघडी राहिलेली लाटी वरून सुकते आणि तिची कड चिकटत नाही.

चॉकलेट कोणतं घ्यायचं? दुकानात दोन-तीन प्रकार दिसतात.

पाकिटामागची घटकांची यादी वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड किंवा इतर वनस्पती तेल-तूप असेल तर ते कंपाउंड. बेकरीचं सामान मिळतं तिथे वड्यांच्या लादीसारखं दिसणारं बहुतेक कंपाउंडच असतं.

कोको बटर साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण एकदा वितळून आपोआप थंड झालं की ते पहिल्यासारखं घट्ट आणि चकचकीत होत नाही. त्यासाठी ठरावीक तापमानांतून न्यावं लागतं, त्याला टेंपरिंग म्हणतात. करंजीच्या पोटात ते आपल्याला करता येत नाही. कंपाउंडला टेंपरिंग लागत नाही. ते वितळतं आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट बसतं. चवीला खरं चॉकलेट कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. तरी पहिल्या खेपेला डार्क कंपाउंड घ्या, आणि हात बसला की साधारण 55 टक्के कोकोचं खरं चॉकलेट वापरा.

दोन्ही अर्धं-अर्धं मिसळू नका. त्यांतले स्निग्ध पदार्थ एकमेकांत गेले की मिश्रण मऊच राहतं, आणि करंजीत तर आपल्याला ते गार झाल्यावर घट्ट व्हायला हवं असतं.

मिल्क चॉकलेट चालतं, मग पिठीसाखर वगळा. पांढरं चॉकलेट टाळा. खोबरं आणि मिल्क पावडरीबरोबर ते नुसतं गोडमिट्ट लागतं.

खोबरं-बिबरं कशाला? नुसता चॉकलेटचा तुकडा भरला तर?

मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. 12 करंज्या भरल्या, प्रत्येकीत दोन-दोन तुकडे. चौथी तेलात सोडली आणि तिच्या मुरडीतून, म्हणजे दुमडलेल्या कडेतून, एक काळी रेघ निघाली, शिवणीच्या दोऱ्याएवढी बारीक. झाऱ्याने उलटेपर्यंत ती रेघ कढईभर पसरली. साखर आणि कोको तळाशी जाऊन करपले, आणि पुढच्या सगळ्या करंज्यांना त्या करपटाचा वास लागला. घरात त्या कोणी दुसऱ्यांदा उचलल्या नाहीत.

नुसतं चॉकलेट वितळलं की त्याला धरून ठेवणारं आत काही नसतं. सुकं खोबरं, मिल्क पावडर, सुक्या मेव्याची भरड हे सगळं त्याला शोषून धरतं. पारीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी घट्ट सारण तिथून सहजासहजी बाहेर पडत नाही. चवीचाही फायदा आहे. खोबरं आणि चॉकलेट ही जोडी उगाच जुळवलेली नाही. केरळ-कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागांत कोकोचं आंतरपीक घेतात, झाडं एकाच सावलीत वाढतात.

खोबरं आवडत नसेल तर तेवढ्याच वजनाचा साध्या ग्लुकोज बिस्किटांचा चुरा घ्या आणि पिठीसाखर वगळा.

सारण नेमकं कसं करायचं?

खोबरं मंद आचेवर कोरडं भाजा, रंग बदलायच्या आत उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे हाताला गार लागेपर्यंत. कोमट खोबऱ्यात चॉकलेट पडलं तर परातीतच चिखल होतो. चॉकलेट 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून किसणीवर किसा. हातात धरायच्या बाजूला कागद गुंडाळा, म्हणजे बोटांच्या उबेने ते वितळत नाही. मग सगळं एकत्र करा, चमचाभर तूप घाला आणि बोटांनी हलकं दाबत मुटके वळा. करंजीच्या पोटात नीट बसतील असे लांबट, प्रत्येकी साधारण 12 ग्रॅमचे. झाकणाच्या डब्यात घालून 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

डबा झाकलेलाच हवा, आणि एका वेळी चार-पाचच मुटके बाहेर काढा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थंड मुटक्यावर लगेच दव धरतं. ते पाणी पारीला लागलं की ती आतून मऊ होते, आणि तेलात त्याची वाफ होऊन फोड येतात.

चॉकलेट स्प्रेड, क्रीमचं गनाश किंवा ओला नारळ घालून चालेल का?

गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, नको. क्रीममध्ये पाणी असतं, बंद पारीत त्याची वाफ होते आणि करंजी फुटते. ओल्या नारळाचंही तेच, शिवाय ती करंजी दुसऱ्या दिवशी उतरते. स्प्रेड वापरायचंच असेल तर त्यात वजनाने तेवढाच बिस्किटाचा चुरा मिसळा आणि मुटके फ्रीजरमध्ये दोन तास कडक करून मगच भरा.

पारी किती पातळ? सारण किती भरायचं? कड कशी बंद करायची?

लाटी सुपारीपेक्षा मोठी, साधारण 17-18 ग्रॅमची. पुरी 9-10 सेंटीमीटरची. खोबऱ्याच्या करंजीची पारी आपण कागदासारखी लाटतो. इथे थोडी जाड ठेवा, दीड ते दोन मिलिमीटर. मध्य आणि कडा सारख्याच हव्यात. पुष्कळांची पुरी मधोमध पातळ होते आणि करंजी पोटाशीच फुटते. कोरडं पीठ लावून लाटू नका, ते तेलात जळतं आणि कडेला चिकटू देत नाही.

मुटका मधोमध न ठेवता किंचित एका बाजूला ठेवा. अर्ध्या कडेला बोटाने दुधाचा अगदी पुसट हात फिरवा. दूध जास्त झालं तर दोन्ही कडा एकमेकींवरून घसरतात. पुरी दुमडल्यावर आधी सारणाच्या भोवती दाबत या, आतली हवा बाहेर काढा, मग कड दाबा. हे हवा काढणं विसरू नका. आतली हवा तेलात फुगते आणि सगळ्यात कच्च्या जागेवरून वाट काढते.

कड दाबल्यावर कातणाने (कड कापायच्या दातेरी चाकाने) कापा आणि शक्य असेल तर मुरड घाला. नुसतं कातण फिरवलं की कड कापली जाते, शिवली जात नाही. मुरडीत कड स्वतःवर दुमडली जाते, म्हणजे दुहेरी बंद होते. मुरड येत नसेल तर काट्याच्या टोकांनी दोन्ही बाजूंनी दाबा. दिसायला साधी, पण घट्ट होते.

एरवी करंजी भरून हवी, खुळखुळा नको, असा घरातल्या मोठ्यांचा आग्रह असतो. चॉकलेटच्या करंजीत मात्र थोडं कमीच भरा. कडेपासून बोटभर जागा मोकळी हवी.

साचा वापरला तर?

जरूर वापरा. साच्याला आतून पुसट तूप लावा आणि दाबल्यावर बाहेर आलेलं पीठ काढून टाका. साच्यात कड एकदाच दाबली जाते, म्हणून बाहेर काढल्यावर ती पुन्हा बोटांनी चेपून घ्या.

साट्याच्या (पोळ्यांमध्ये तूप-पिठाचा लेप देऊन केलेल्या) करंज्यांसारखे पदर आणता येतील का?

येतील, पण पहिल्या वेळी नको. साट्याच्या पदरांना तेलात सुटायला जागा लागते, आणि पदर सुटताना आतलं चॉकलेट वाट शोधतं. साध्या पारीच्या दोन-तीन खेपा बिनगळतीच्या झाल्या की मग करून पाहा. कोकोची पूड घातलेली एक पोळी आणि पांढरी एक, असे आळीपाळीने थर दिले तर कापल्यावर फार देखणी रेघ येते.

तेल किती तापवायचं?

थर्मामीटर असेल तर 160 अंशाच्या आसपास. नसेल तर पिठाची गोळी टाकून बघा. ती तळाला जाऊन पाच-सहा सेकंदांत सावकाश वर यावी, भोवती बारीक बुडबुडे असावेत. टाकल्या टाकल्या वर उसळली तर तेल जास्त तापलं आहे.

एका वेळी तीन किंवा चारच सोडा. सोडल्यावर मिनिटभर झारा लावू नका, पारी जरा घट्ट होऊ द्या. मग वरून झाऱ्याने तेल उडवत राहा आणि हलक्या हाताने उलटा. मध्यम-मंद आचेवर एक घाणा पाच-सहा मिनिटं घेतो. फिकट बदामी रंग आला की काढा. बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो. काढलेल्या करंज्या कागदावर आडव्या न टाकता चाळणीत कडेवर उभ्या ठेवा, तेल निथळतं आणि पोटाला वाफ धरत नाही.

तूप की तेल? शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल पुरेसं आहे. तुपाचा स्वाद चॉकलेटपुढे दबतो.

एखादी कढईत फुटलीच तर?

लगेच आच मंद करा आणि ती करंजी झाऱ्याने बाहेर घ्या. घाण्यातल्या बाकीच्या होऊ द्या. मग गॅस बंद करून तेल थोडं निवू द्या, तळाशी बसलेलं काळं बारीक जाळीच्या गाळणीने काढा. तेलाला कडवट वास येत नसेल तर पुढे तळा. वास येत असेल तर ते तेल बाजूला काढून नवं घ्या, जीव कितीही तुटला तरी. राहिलेल्या सगळ्या करंज्या त्याच वासाच्या होतात.

तेलाला आग लागली तर पाणी कधीही ओतू नका. गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवा आणि कढई हलवू नका. झाकण हाताशी ठेवूनच तळायला सुरुवात करा.

करंजीवर बारीक फोड आले. का?

पीठ सैल झालं किंवा तेल जास्त तापलं. चवीला काही बिघडत नाही.

तळताना कुरकुरीत होत्या, संध्याकाळी मऊ पडल्या.

तीनपैकी एक कारण असतं: मोठ्या आचेवर भरभर तळल्या, मोहन कमी पडलं, किंवा गरम असतानाच डबा बंद केला. पहिलं सगळ्यात जास्त वेळा घडतं. बाहेरून रंग आला म्हणून काढतो आणि पारी आतून कच्ची असते. अशा करंज्या ओव्हनमध्ये 150 अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवून पुन्हा खुसखुशीत होतात. गार झाल्याशिवाय हात लावू नका.

ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये?

होतात. वरून तुपाचा हात फिरवून 180 अंशांवर 15 ते 20 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. गळती झाली तरी तेल खराब होण्याचा धोका नाही, हा मोठा फायदा. पण ती बिस्किटासारखी खुसखुशीत लागते. तळलेल्या करंजीची मजा वेगळी, आणि सणाला मी तळूनच करते.

मुलांना गरम गरम द्यावी का?

नाही. वरून करंजी कोमट लागते तेव्हाही आतलं चॉकलेट जीभ पोळण्याइतकं गरम असतं. निदान अर्धा तास जाऊ द्या. मुटके वळायचं काम मात्र मुलांना आवर्जून द्या, ते त्यांना फार छान जमतं. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं.

किती दिवस टिकतात? चार दिवसांनी आत पांढरट थर दिसला, तो बुरशीचा का?

वर दिलेल्या कोरड्या सारणाच्या, हवाबंद डब्यात, आठ दिवस. खवा घातला असेल तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस.

पांढरट थर सपाट, पिठुळ असेल आणि बोटाच्या उबेने विरघळत असेल तर ते चॉकलेटमधलं कोको बटर वर आलेलं असतं. खायला हरकत नाही. कापसासारखं लव असलेलं, हिरवट किंवा कुबट वासाचं असेल तर ती बुरशी. मग ती करंजी आणि तिला लागून असलेल्याही टाका.

उरलेलं तेल पुन्हा वापरावं का?

गाळून, बाटलीत भरून, दोन-चार दिवसांत फोडणीला वापरून संपवा. पुन्हा पुन्हा तळणीला नको. तळून तळून तेल बिघडतं आणि त्यातून तयार होणारी पोलर संयुगं वाढत जातात. भारतात त्यांची मर्यादा 25 टक्के आहे आणि त्यापुढचं तेल खाण्याला अयोग्य धरतात. घरी ते मोजता येत नाही. तेल काळपट, चिकट झालं किंवा लवकर धुरावू लागलं की टाकून द्या, पण बेसिनमध्ये ओतू नका.

आम्ही परदेशात आहोत. काय बदलायचं?

मैद्याच्या जागी ऑल पर्पज पीठ चालतं, दूध मात्र सांभाळून घाला. कंपाउंडच्या जागी तिथल्या बेकिंगच्या रांगेतले कँडी मेल्ट्स मिळतात. विजेच्या शेगडीवर आच कमी केली तरी तवी बराच वेळ तापलेली राहते, म्हणून तेल चढलं असं वाटलं तर कढई सांभाळून बाजूच्या थंड तवीवर सरकवा.

चॉकलेटची करंजी नैवेद्याला चालते का? ती करंजी म्हणायची तरी का?

हा प्रश्न मला मनापासून विचारला जातो, म्हणून मनापासून सांगते. करंजीला एकच एक सारण कधीच नव्हतं. कुठे सुकं खोबरं, कुठे ओला नारळ, कुठे खवा, तर मटाराची तिखट करंजीही आपण करतोच. गोव्यात तिच्या नेवऱ्या चवथीलाही होतात आणि ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारातही, म्हणजे फराळातही, असतात. उत्तरेत होळीला गुजिया. नावं वेगळी, सारणं वेगळी, घडी तीच. नैवेद्याचं ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. आमच्याकडे ताटात खोबऱ्याची करंजी जाते आणि चॉकलेटच्या डब्यात.

पीठ उरलं तर?

पोळीसारखं लाटून कातणाने चौकोन कापा आणि चॉकलेटच्या घाण्याआधी तळून घ्या, म्हणजे तेल स्वच्छ असताना. वर पिठीसाखर आणि चिमूटभर कोको भुरभुरवा, करंज्या निवेपर्यंत मुलांच्या हातात काहीतरी पडतं.